किडनी बसवली, जांघ मात्र दुखतेच

"ऑपरेशनला सात महिने झाले. क्रिएटिनिन १.२ आहे, लघवी भरपूर होते, डॉक्टर म्हणतात सगळं छान चाललंय. मग चालताना उजव्या जांघेत कळ का येते?" बीड जिल्ह्यात केज, गेवराई, आष्टी, परळी, कुठल्याही बाजूचे वाचक असोत, किडनी प्रत्यारोपण झालेल्या घरातून हा प्रश्न फिरून फिरून येतो. त्यावर मिळालेली उत्तरंही ठरलेली असतात. एक जण सांगतो नस दबली, दुसरा सांगतो हर्निया, तिसरा म्हणतो टाक्यांचं दुखणं आहे, वर्षभर राहणारच. घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, "जीव वाचला ना, मग एवढं सहन करायचं."

सहन करू नका. आणि मेडिकलमधून गोळी आणून दाबूही नका. या दोन्ही वाटांनी नुकसान होतं. पहिल्या वाटेने खुबा जाऊ शकतो, दुसऱ्या वाटेने किडनी.

आधी जागा समजून घ्या

नवी किडनी पाठीत, जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या कोपऱ्यात, बहुतेकदा उजवीकडे, पँटच्या पुढच्या खिशाच्या थोडी वर बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिच्या रक्तवाहिन्या जोडतात आणि तिची मूत्रनळी मूत्राशयाला. जुन्या दोन्ही किडन्या बहुधा जागच्या जागी राहू देतात. म्हणजे नव्या किडनीचा शेजार बदललेला असतो. मांडीकडे, जांघेकडे आणि पुरुषांमध्ये अंडाकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. हर्निया जिथून बाहेर येतो ती कमजोर भिंत तिथेच आहे. खुब्याचा सांधा त्याच्या खालीच, आत खोलवर आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते. किडनी काढताना तिच्या स्वतःच्या नसा कापल्या जातात. त्यामुळे शरीर नवी किडनी नाकारू लागलं, ज्याला सगळे 'रिजेक्शन' म्हणतात, तरी हल्लीच्या औषधांमुळे पुष्कळदा ना दुखतं ना ताप येतो. फक्त क्रिएटिनिन चढतं. तेव्हा दुखत नाही म्हणून किडनी ठणठणीत, हा हिशोब चुकीचा. जांघ दुखते म्हणजे किडनी गेली, ही धास्तीही तितकीच चुकीची. क्रिएटिनिन तपासल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच ठरवता येत नाही.

आजच्या आज कधी निघायचं?

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. प्रत्यारोपण केंद्राला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचा. गाडी नसेल तर १०८.

- ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजणं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे ताप कमीच दिसतो, म्हणून अंग नुसतं कोमट लागलं तरी थर्मामीटर लावा.
- लघवी एकदम कमी होणं, लघवीतून रक्त, किंवा किडनीच्या जागी हात लावू न देणारं दुखणं.
- एकच पाय सुजणं, पोटरी घट्ट होणं. पायाच्या शिरेत गुठळी असू शकते.
- जांघेतली गाठ कडक होऊन आत जाईनाशी होणं, सोबत उलट्या. हर्नियात आतडं अडकलेलं असू शकतं.
- पडल्यावर किंवा नुसता पाय मुरगळल्यावर त्या पायावर भारच न टाकता येणं.
- एका अंडात अचानक जोराचं दुखणं.
- दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं आणि लघवी अडणं.

यातलं काही नसेल तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. पण तो चार-आठ दिवसांचा, चार-आठ महिन्यांचा नाही.

दुखणं कुठल्या जातीचं आहे, ते ओळखा

निदान डॉक्टर करतील. पण ते तुम्ही सांगाल त्यावरून करतील आणि ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतात. "इथं दुखतं" म्हणून सगळ्या कमरेवरून हात फिरवलात तर ती पाच मिनिटं वाया. एका बोटाने जागा दाखवा, आणि कशाने वाढतं ते सांगा.

खुब्याचं दुखणं. याच्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त हेच निसटतं. प्रत्यारोपणानंतर प्रेडनिसोलोन देतात, तुमच्या फाईलमध्ये कदाचित 'वायसोलोन' लिहिलेलं असेल. ते स्टेरॉइड आहे आणि किडनी टिकवायला लागतंच. पण काही जणांच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा त्यामुळे तुटतो, हाड आतून मरू लागतं आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर गोळा चेपला जातो. ऑपरेशननंतरच्या काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत हा त्रास डोकं वर काढतो. सुरुवातीच्या काळात किंवा रिजेक्शनच्या वेळी मोठे डोस झाले असतील तर धोका अधिक.

गंमत अशी, की खुबा बिघडला तर लोकांना कमरेच्या बाजूला दुखेल असं वाटतं. प्रत्यक्षात कळ येते ती जांघेत, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत. गुडघ्याचे फोटो काढत बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ओळखायच्या खुणा आपल्या रोजच्या जगण्यातल्याच आहेत. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, एक पाय लांब सोडून जेवावं लागतं. मोटारसायकलवर टांग टाकताना चमक निघते. भारतीय पद्धतीच्या संडासात बसलं की उठताना भिंत धरावी लागते. खुर्चीवरून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात. घरी एक करून पाहा: पाठीवर झोपा, गुडघा वाकवून वर घ्या आणि कुणाला तरी तुमचं पाऊल हलकेच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा, म्हणजे मांडी आतल्या बाजूला वळते. तेव्हा जांघेत कळ आली, तर खुब्याची तपासणी मागून घ्या.

इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे तो एक्स-रेचा. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो. माझ्या ओळखीतला गेवराईकडचा एक तरुण शेतकरी "एक्स-रे नॉर्मल आहे, नसेचंच दुखणं" या वाक्यावर आठ महिने चालला. तेव्हा एमआरआय झाला असता तर हाडाला वेळीच आधार देता आला असता. झाला तोवर गोळा चेपला होता. म्हणून एक्स-रे नॉर्मल असूनही दुखणं चालू असेल, तर "खुब्याचा एमआरआय करावा का?" हे तुम्ही स्वतः विचारा. तो दोन्ही बाजूंचा करायला सांगा, कारण दुसरा खुबाही गुपचूप बिघडत असतो. या तपासणीला रंगाचं इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे किडनीला त्याची भीती नाही.

नसेचं दुखणं. ऑपरेशनच्या छेदात किंवा जखम ताणून धरताना जांघेकडे जाणारी एखादी नस दुखावते, कधी व्रणात अडकते. मग दुखणं चालण्याशी फारसं बांधलेलं नसतं. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक जाते, लुगड्याची गाठ किंवा पँटचा पट्टा टेकला तरी नको होतं. कापसाने त्वचेवरून फिरवलं तर एक पट्टा बधिर आणि त्याच्या कडेला भलताच हळवा लागतो. यातली बरीच दुखणी काही आठवड्यांत, महिन्यांत विरत जातात. मात्र गुडघा सरळ करताना पायात जोर राहत नसेल, जिना उतरताना पाय लचकत असेल, तर मांडीची मोठी नस दुखावलेली असू शकते. ती बहुधा भरून येते, पण फिजिओथेरपी लगेच सुरू व्हायला हवी आणि तोवर काठी घ्या. पडून खुबा मोडणं परवडणारं नाही.

गाठ किंवा फुगवटा. खोकल्यावर फुगतो, आडवं झालं की आत जातो, तो हर्निया. गावाकडे अंतर्गळ म्हणतात. टाक्यांच्या जागीही फुगवटा येतो, तोही हर्नियाच. टणक, न हलणारी गाठ असेल तर ते अवधाण असू शकतं. पायाला जखम, चिखल्या झाल्या की जांघेत अवधाण येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाचं अवधाण दोन आठवड्यांत उतरलं नाही, तर टीबी आणि लसिकाग्रंथींचा आजार या दोन शक्यता तपासून घ्याव्याच लागतात. "जखमेचं आहे, जाईल" म्हणून थांबू नका.

किडनी आणि तिच्या आजूबाजूचं. दुखणं जांघेच्या सुरकुतीच्या वर, टाक्यांपाशी असेल, लघवी करताना किडनीच्या जागी ताण येत असेल, लघवीला जळजळ असेल, तर जंतुसंसर्ग किंवा लघवी उलटी वर चढणं ही कारणं असू शकतात. किडनीशेजारी लसिकेचं पाणी साठतं. मग जडपणा येतो, पाय सुजतो, क्रिएटिनिन चढतं. सोनोग्राफीत ते लगेच दिसतं. ऑपरेशनच्या वेळी मूत्रनळीत ठेवलेली बारीक नळी, म्हणजे स्टेंट, साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढतात. तुमची काढली का? फाईलमध्ये तारीख शोधा. राहून गेलेली नळी दुखते, पिकते आणि तिच्यावर खडे धरतात.

बाकीची कारणं थोडक्यात. चालल्यावर मांडी भरून येणं आणि थांबलं की लगेच बरं वाटणं, हे रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि दोन-चार दिवसांनी पुटकुळ्या म्हणजे नागीण. तिचं औषध पुटकुळ्या दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावं. पाय सरळ करता येत नाही, संध्याकाळी ताप चढतो, वजन उतरतंय, तर मणक्याच्या टीबीचा पू जांघेपर्यंत उतरलेला असू शकतो. दोन्ही पावलं, घोटे, गुडघे सारखेच ठणकत असतील, तर टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढली आहे का ते बघायला सांगा.

मेडिकलच्या काउंटरवर जपून

एक लाल गोळी, एक पांढरी, एक अर्धी पिवळी, कागदाच्या पुडीत बांधून: "दोन टाइम घ्या, उद्या पळाल." ही पुडी तुम्ही घ्यायची नाही. गोळीचं नाव दिसत नसेल तर ती तोंडात घालू नका, हा नियम प्रत्यारोपण झालेल्या माणसाने जन्मभर पाळायचा.

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक ही सगळी एकाच कुळातली वेदनाशामकं. ती किडनीत रक्त नेणारी वाट आवळतात. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन तीच वाट आवळतात. दोघं मिळून एका कोरड्या उन्हाळी दिवसात क्रिएटिनिन कुठल्या कुठे नेतात. पाकिटावरची नावं वेगळी असतात. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, झिरोडॉल म्हणजे असिक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, मेफ्टालमध्ये मेफेनॅमिक ॲसिड. गावातल्या दवाखान्यात "एक सुई मारतो, बरं वाटेल" म्हणतात ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकचीच असते. कुणी कितीही आपुलकीने म्हणालं तरी हात मागे घ्या आणि "माझी किडनी बदललेली आहे" एवढं सांगा. लावायच्या मलमातही हेच औषध असतं. थोडंसं लावल्याने बहुधा बिघडत नाही, तरी केंद्राला विचारूनच लावा.

मग घ्यायचं काय? पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसभरात एकूण ३ ग्रॅमच्या आत. कावीळ किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा, कारण ही गोळी ताप झाकते.

काही औषधं किडनीला थेट मारत नाहीत, पण टॅक्रोलिमसची पातळी वरखाली करतात. जांघेत खाज सुटली की लोक गजकर्णाच्या गोळ्या आणतात. इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल यांनी टॅक्रोलिमस चढतं. नसेच्या दुखण्यावर कुणी कार्बामॅझेपिन लिहून दिलं तर ते उतरतं, टीबीच्या रिफाम्पिसिनने तर फारच उतरतं आणि रिजेक्शनचा धोका उभा राहतो. ही औषधं कधीकधी द्यावीच लागतात, पण प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवून, पातळी मोजत मोजत.

आणि खुब्याला स्टेरॉइड कारण आहे हे कळल्यावर वायसोलोन आपल्या मनाने बंद करू नका. एका दिवसात बंद केलं तर किडनीही जाऊ शकते आणि माणूसही कोसळू शकतो. डोस कमी करता येतो का, हा प्रश्न विचारायचा. उत्तर केंद्राने द्यायचं.

घरातले आणि गावातले उपाय

आपल्याकडे दुखऱ्या जागी बिब्बा घालतात. तुमच्यासाठी तो नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतो, आणि तुमच्या अंगात जंतूंशी लढायला सैन्य निम्मंच आहे. डाग देण्याचंही तसंच.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे पोट चोळून घेणं. पोटात दुखलं की "वट सरकली", "नळ भरले" म्हणून बेंबीभोवती आणि ओटीपोटात जोरात चोळणारी जाणती बाई प्रत्येक गावात असते. तिच्या हाताखाली आता एक किडनी आहे, कातडीपासून चार बोटांवर, पुढे बरगडीचंही संरक्षण नाही. तिला नमस्कार करा, चहा पाजा, पोटाला हात लावू देऊ नका. हाडवैद्याकडून खुबा 'बसवून' घेणं हेही वर्ज्य. मेलेल्या हाडाला झटका दिला तर गोळा मोडतो.

शेक घ्यायचा तर मांडीला, कमरेला, कपड्यातून, दहा-पंधरा मिनिटं. बधिर पट्ट्यावर घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. सांधेदुखीच्या चूर्णांत लपवलेलं स्टेरॉइड किंवा वेदनाशामक असू शकतं आणि भस्मांत जड धातू. त्याला नैसर्गिक म्हणून सूट नाही.

तपासणीची वाट: आधी जिल्ह्यात, मग केंद्रात

प्रत्यारोपण बहुतेकांचं छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईला झालेलं असतं. बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पुणं त्याच्या दुप्पट. प्रत्येक कळेसाठी एवढं जाणं होत नाही, हे कबूल. म्हणून पहिली फेरी इथेच उरका:

१. केंद्राच्या समन्वयकाला फोन. दुखणं कधीपासून, कुठे, ताप, लघवी, पाय सुजला का, एवढं सांगा.
२. क्रिएटिनिन, हिमोग्राम, लघवीची तपासणी आणि कल्चर. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या.
३. टॅक्रोलिमसची पातळी. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं, गोळी खिशात घेऊन जायचं आणि रक्त दिल्यावर घ्यायची. गोळी घेऊन दिलेलं रक्त म्हणजे वाया गेलेले पैसे.
४. नव्या किडनीची आणि जांघेची सोनोग्राफी, डॉपलरसह. "किडनी उजवीकडे खाली आहे" हे आधी सांगा. पाठीकडून जुन्या किडन्या बघून 'दोन्ही किडन्या लहान, खराब' असा रिपोर्ट हातात पडला की घरात रडारड होते, ती टळेल.
५. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे.

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख. परळी, केज, धारूरच्या लोकांना अस्थिरोग आणि शस्त्रक्रिया विभागाचा सल्ला तिथे मिळू शकतो. पश्चिमेकडच्या तालुक्यांना बीडचं जिल्हा रुग्णालय सोयीचं. रिपोर्ट हातात आले की फोटो काढून केंद्राला पाठवा. मोठी तपासणी कुठे करायची ते मग ठरेल.

उपचार ठरवताना

खुबा चेपलेला नसेल तर हाडाला छिद्र करून आतला दाब उतरवण्याचं ऑपरेशन करतात; चेपला असेल तर खुबा बदलावा लागतो. किडनीवाल्यांचे खुबे नेमाने बदलले जातात, यात घाबरण्यासारखं नाही. जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, एवढं लक्षात ठेवा. ऑपरेशन ठरलं की तीन प्रश्न विचारा: भुलीच्या डॉक्टरांना मी स्टेरॉइडवर आहे हे सांगितलं का? ऑपरेशननंतर दुखण्यावर कोणतं औषध देणार? माझ्या प्रत्यारोपण डॉक्टरांशी बोलणं झालं का?

हर्नियाचं ऑपरेशन साधं म्हणतात, आणि एरवी ते असतंही. पण तुमच्या नव्या किडनीची मूत्रनळी क्वचित त्या हर्नियात उतरलेली असते. जाळी बसवणाऱ्या हातांना हे आधी माहीत हवं. म्हणून किडनीच्या बाजूचा हर्निया शक्यतो प्रत्यारोपण होतं तिथेच करा, शंभर-दीडशे किलोमीटर लांब पडलं तरी.

नसेच्या दुखण्यावर त्या नसेभोवती बधिर करणारं इंजेक्शन देऊन पाहतात. दुखणं तेवढ्यापुरतं गेलं तर नसच गुन्हेगार, हे निदानही होतं. गोळ्यांमध्ये गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन देतात. त्यांचा डोस किडनीच्या कामावरून ठरतो. झोप, गरगरणं, पायाला सूज आली तर कळवा. रात्री शेतात पाणी द्यायला जाणार असाल तर तेही सांगा.

बायकांसाठी वेगळं

ओटीपोटात, जांघेत दुखतंय म्हटलं की आपल्या जिल्ह्यात बाईला "पिशवीला सूज आहे, काढून टाका" असं सांगायची घाई फार जुनी आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याची जी आकडेवारी आली, ती तेरा हजारांच्या वर होती. त्या वादानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. किडनी बसवलेल्या बाईच्या ओटीपोटात कुठलंही ऑपरेशन सुचवलं गेलं, तर परवानगी विचारा, दुसरं मत घ्या आणि खुबा व किडनीची तपासणी झाल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक. घरात किडनी घेणारा पुरुष आणि देणारी आई किंवा बायको असेल, तर दुखण्याची विचारपूस पुरुषाचीच होते. देणाऱ्या बाईलाही टाक्यांपाशी, जांघेत महिनोन्‌महिने कळ राहू शकते. वेदनाशामकांचा वरचा नियम एकच किडनी उरलेल्या तिलाही लागू आहे.

कागद, पैसे आणि हक्क

- फाईल तुमची आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदींची प्रत द्यावी, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. ऑपरेशनची टिपणं, स्टेंट काढल्याची नोंद आणि स्टेरॉइडच्या डोसांचा तक्ता लेखी अर्ज करून मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.
- जन आरोग्य योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. खुब्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन तुमच्या बाबतीत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नाही म्हणाला तर का, ते लिहून मागा. चौकशी आणि तक्रारीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.
- धर्मादाय रुग्णालयं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. दाखल झाल्यावर धावपळ सुरू केली तर बिल दाखल्याच्या आधी येतं.
- दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही, त्यामुळे नुसत्या प्रत्यारोपणावर ते मिळत नाही. खुबा बिघडून चालण्यावर कायमचा परिणाम झाला असेल, तर मात्र अर्ज करता येतो. सवलतींसाठी साधारण ४० टक्क्यांची अट असते.
- तक्रार. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात हलगर्जी झाली असं वाटत असेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी कागद गोळा झालेले हवेत.

दसरा-दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघते तेव्हा

प्रत्यारोपण झालेल्या माणसाने कोयता हातात घ्यावा का, याचं माझं उत्तर सरळ आहे: जांघ दुखत असताना तर मुळीच नको. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं हे हर्नियालाही आणि खुब्यालाही एकदमच आमंत्रण आहे. उचल घेण्याआधी घरात हे बोला, घेतल्यावर नाही.

तरीही कुटुंबासोबत फडावर जावंच लागणार असेल, स्वयंपाकाला, जनावरांकडे बघायला म्हणून का होईना, तर पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या बरोबर घ्या. टॅक्रोलिमसची कंपनी परक्या गावात बदलू नका; बदललीच तर आठवड्यात पातळी तपासा. पाण्याचा ड्रम स्वतःचा ठेवा, उकळून प्या. आणि एक चिठ्ठी लिहा, तिच्या दोन प्रती लॅमिनेट करा, एक खिशात, एक मुकादमाकडे:

"माझं किडनी प्रत्यारोपण झालं आहे. नवी किडनी पोटात उजवीकडे खाली आहे. मला डायक्लोफेनॅक किंवा तसली कुठलीही वेदनाशामक सुई-गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल चालतं. मी स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस घेतो, ती बंद करू नयेत. ताप, लघवी कमी किंवा जांघेत जोराची कळ असेल तर आधी या नंबरवर फोन करावा."

डावीकडे बसवली असेल तर 'उजवीकडे'च्या जागी 'डावीकडे' लिहायला विसरू नका.